लॅपटॉप अचानक बिटलॉकरची रिकव्हरी की मागतोय, आणि दर वेळी मागतोय: काय करायचं, काय मुळीच करायचं नाही

लॅपटॉप नेहमीसारखा सुरू केला आणि पासवर्ड विचारण्याऐवजी निळा पडदा आला. वर बिटलॉकरचं नाव, खाली ४८ आकडी रिकव्हरी की भरायची चौकट. बिटलॉकर म्हणजे ड्राइव्ह एनक्रिप्ट करणारी, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येऊ नये असा कुलूपबंद करणारी, विंडोजची सोय. ती कधी चालू केल्याचं घरात कोणालाच आठवत नाही. दुसरा प्रकार याहून त्रासाचा: किल्ली सापडली, भरली, विंडोज उघडलं, आणि पुढच्या वेळी पुन्हा तीच मागणी. दोन्हींचं मूळ एकच आहे आणि दोन्हींवर बहुतेक वेळा उपाय निघतो. पण घाईत भलतंच बटण दाबलं तर तो उपाय हातचा जातो. म्हणून सुरुवात काय करायचं नाही इथून.

आधी हात आवरा

पडदा दिसतोय त्या क्षणी तुमच्या फायली जागच्या जागी आहेत. त्या कुलूपबंद आहेत, पुसल्या गेलेल्या नाहीत. ‘रिसेट धिस पीसी’ करणं, फॉरमॅट मारणं, पेनड्राइव्हवरून नव्यानं विंडोज टाकणं, यांतलं काहीही केलं की त्या खरोखर जातात. मग पुढे किल्ली सापडली तरी तिचा उपयोग नसतो. दुरुस्तीला नेलात तर ‘फॉरमॅट मारून देतो, लगेच चालू होईल’ असं ऐकायला मिळण्याची शक्यता मोठी आहे. लॅपटॉप चालू होईल हे खरंच, पण रिकामा. डेटा हवा असेल तर होकार देऊ नका आणि ‘मला विचारल्याशिवाय ड्राइव्हला हात लावू नका’ हे स्पष्ट सांगा.

बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या, लॅपटॉपच्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन टीपीएम ही सुरक्षा-चिप क्लिअर करण्याचा सल्लाही अनेक जण देतात. किल्ली हातात नसताना हा सल्ला घातक आहे. कारण पुढे येईलच.

हा पडदा पाहून कोणी खंडणीसाठी लॅपटॉप अडवला की काय, अशी भीती अनेकांना वाटते. ओळखायची सोपी खूण अशी: विंडोजचा खरा रिकव्हरी पडदा पैसे मागत नाही, कोणाला फोन करायला सांगत नाही, क्रिप्टोचा पत्ता देत नाही. तो फक्त किल्ली मागतो आणि सोबत एक ‘रिकव्हरी की आयडी’ दाखवतो. त्या आयडीचा फोटो फोनवर लगेच काढून ठेवा, पुढे त्याचंच काम आहे.

किल्लीशिवाय उघडायची एक संधी

किल्ली शोधायला निघण्याआधी हे करून बघा. लॅपटॉप पूर्ण बंद करा. पेनड्राइव्ह, बाहेरची हार्ड डिस्क, मेमरी कार्ड, डॉक, लावलेलं सगळं काढा. मग सुरू करा. बूट होण्याच्या क्रमात यूएसबी वर असेल आणि एखादा पेनड्राइव्ह लावलेला राहिला असेल, तर तेवढ्यानंही हा पडदा येऊ शकतो.

नाहीच उघडलं तर आठवा: त्याआधी बायोसमध्ये कोणी काही बदललं होतं का? सिक्युअर बूट (सही केलेलेच प्रोग्राम बूट होऊ देणारी सोय) बंद केलं, टीपीएम बंद केलं, बूटचा क्रम बदलला, दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम टाकायला म्हणून जुन्या पद्धतीचं बूट चालू केलं? असेल तर तो बदल जसा होता तसा परत करा. पुष्कळदा ड्राइव्ह किल्ली न मागता मुकाट उघडतो. यामागचं कारण समजून घेतलं तर पुढचं सगळं सोपं जाईल.

ड्राइव्हचं कुलूप उघडणारं गुपित लॅपटॉपमधल्या टीपीएम नावाच्या सुरक्षा-चिपमध्ये, किंवा प्रोसेसरच्याच आत असलेल्या तशा भागात, ठेवलेलं असतं. लॅपटॉप सुरू होताना फर्मवेअर (लॅपटॉपच्या बोर्डावरचं मूळ सॉफ्टवेअर) कोणतं आहे, सिक्युअर बूट चालू आहे का, बूट करणारा प्रोग्राम कोणी सही केलेला आहे, या गोष्टींची मोजमापं टीपीएममध्ये नोंदली जातात. एनक्रिप्शन चालू झालं तेव्हाची मोजमापं आणि आजची मोजमापं जुळली तरच टीपीएम गुपित सोडतं. जुळली नाहीत तर कोणी तरी यंत्रात ढवळाढवळ केली असं धरून विंडोज रिकव्हरी की मागतं. म्हणजे बदल उलटा फिरवला की मोजमापं पुन्हा जुळतात आणि दार उघडतं. टीपीएम क्लिअर केलं तर मात्र त्यातलं गुपितच पुसलं जातं आणि ही वाट कायमची बंद होते. एएमडी प्रोसेसरच्या काही यंत्रांवर बायोस अपडेटनंतर ‘एफटीपीएम (म्हणजे प्रोसेसरमधलं टीपीएम) रिसेट करायचं का’ असा प्रश्न येतो, वाय आणि एन असे दोन पर्याय असतात. किल्ली माहीत नसेल तर तिथे एन दाबा.

मी चालूच केलं नव्हतं, मग हे आलं कुठून?

तुम्ही खरंच चालू केलेलं नसणार. बिटलॉकर आलं २००७ मध्ये विंडोज व्हिस्टाबरोबर, आणि ते हौसेनं किंवा ऑफिसच्या धोरणानं चालू करायची गोष्ट होती. २०१३ मध्ये विंडोज ८.१ पासून ‘डिव्हाइस एनक्रिप्शन’ नावाचा त्याचा सोपा अवतार आला. तो होम आवृत्तीतही असतो आणि चालू करायला कोणाच्या परवानगीची वाट बघत नाही. नवा लॅपटॉप पहिल्यांदा सुरू करताना मायक्रोसॉफ्ट खात्यानं साइन इन केलं आणि यंत्र विंडोजच्या ठरावीक अटींत बसत असेल, तर ड्राइव्ह आपोआप एनक्रिप्ट होतो आणि रिकव्हरी की त्या खात्यात जमा होते. पडद्यावर मोठ्या अक्षरांत ‘ही किल्ली जपून ठेवा’ असं कोणी सांगत नाही. माझ्या मते या सगळ्या व्यवस्थेतली खरी उणीव हीच आहे. चोरीला गेलेल्या लॅपटॉपमधले फोटो आणि कागदपत्रं कोणाला वाचता येऊ नयेत, हा हेतू अगदी योग्य आहे. पण ज्याचं कुलूप, त्यालाच किल्ली कुठे आहे ते ठाऊक नाही, ही स्थिती घातक आहे.

पूर्वी या अटी कडक होत्या, त्यामुळे बरेच लॅपटॉप त्यातून सुटत. २०२४ मध्ये आलेल्या विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीनं त्या सैल केल्या. ती आवृत्ती कोऱ्या लॅपटॉपवर असेल किंवा नव्यानं टाकली असेल, तर एनक्रिप्शन आपोआप चालू होण्याची शक्यता आता खूपच जास्त आहे. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्या निमित्तानं ज्यांनी जुनं काढून विंडोज ११ नव्यानं टाकलं, त्यांच्यातल्या अनेकांचे ड्राइव्ह असेच नकळत कुलूपबंद झालेले असतील. जुन्यावरच अपग्रेड केलं असेल तर केवळ तेवढ्यानं एनक्रिप्शन चालू होत नाही.

एक मधली अवस्थाही असते. लोकल खात्यानं, म्हणजे मायक्रोसॉफ्ट खात्याशिवाय, विंडोज वापरत असाल तर ड्राइव्ह एनक्रिप्ट झालेला असू शकतो, पण त्याची किल्ली ड्राइव्हवरच उघडी ठेवलेली असते. फाइल एक्सप्लोररमध्ये ड्राइव्हच्या चित्रावर कुलूप आणि पिवळा त्रिकोण दिसतो तो याचाच. तोवर पडदा येत नाही. पण पुढे कधी तरी एखाद्या ॲपमध्ये साइन इन करताना ‘हेच खातं सगळीकडे वापरा’ला होकार दिला जातो, विंडोजचं खातं मायक्रोसॉफ्टचं होतं, आणि त्या क्षणी खरं संरक्षण चालू होतं. वर्षानुवर्षं सुरळीत चाललेला लॅपटॉप अचानक किल्ली मागू लागतो, त्यामागे कित्येकदा ही गोष्ट असते.

किल्ली शोधणं

इथे चिकाटी लागते. किल्ली हरवली असं म्हणणाऱ्यांपैकी पुष्कळांची किल्ली कुठे ना कुठे असते, फक्त ती चुकीच्या खात्यात शोधली जाते.

फोनवर किंवा दुसऱ्या संगणकावर मायक्रोसॉफ्ट खात्याचं रिकव्हरी कीचं पान उघडा. पत्ता आहे ‘एकेए डॉट एमएस स्लॅश मायरिकव्हरीकी’, सलग आणि रोमन अक्षरांत टाइप करायचा. साइन इन झालं की यंत्रांची नावं, की आयडी, किल्ली, तारीख आणि ड्राइव्ह अशी यादी दिसते. नाव बघून किल्ली निवडू नका. विंडोजनं आपोआप ठेवलेली नावं सगळी सारखीच दिसतात आणि त्याच लॅपटॉपवर पूर्वी टाकलेल्या विंडोजच्या जुन्या किल्ल्याही यादीत असतात. पडद्यावरच्या की आयडीचे पहिले आठ अंक-अक्षरं आणि यादीतल्या आयडीचे पहिले आठ जुळवा. जुळले तर तीच किल्ली, नाही तर नाही. ड्राइव्हच्या रकान्यात ‘ओएसव्ही’ असेल तर ती विंडोजच्या ड्राइव्हची, ‘एफडीव्ही’ असेल तर आतल्या दुसऱ्या ड्राइव्हची किंवा पार्टिशनची.

यादी रिकामी निघाली तर प्रश्न असा विचारा: हा लॅपटॉप पहिल्यांदा सुरू केला तेव्हा खातं कोणाचं टाकलं होतं? आज वापरतं कोण, याला इथे महत्त्व नाही. मुलासाठी आणलेल्या लॅपटॉपवर वडिलांचं खातं असतं. आईच्या लॅपटॉपवर भावानं आपल्या ईमेलनं सेटअप केलेला असतो. विकणाऱ्यानं किंवा विंडोज टाकून देणाऱ्यानं स्वतःचंच एखादं खातं वापरलेलं असतं. वापरलेला लॅपटॉप घेतला असेल तर जुन्या मालकाला विचारावं लागेल. घरातल्या प्रत्येकाच्या प्रत्येक ईमेलनं ते पान उघडून बघा. जीमेलचा पत्ता मायक्रोसॉफ्ट खात्यासाठी वापरलेला असू शकतो, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. आणि शाळेत असताना किंवा पहिला लॅपटॉप आला तेव्हा उघडलेलं, आता विसरलेलं खातं तर हमखास तपासा. विंडोज ११ च्या २४एच२ पासून रिकव्हरी पडद्यावरच खात्याच्या ईमेलचा थोडासा भाग सूचना म्हणून दिसतो. तो दिसत असेल तर अर्धं काम झालं.

कॉलेजचं किंवा ऑफिसचं खातं कधी या लॅपटॉपला जोडलं होतं का? तसं असेल तर किल्ली त्या संस्थेकडे असू शकते, लॅपटॉप तुमच्या खिशातल्या पैशांचा असला तरीही. संस्थेच्या खात्याच्या पानावर ‘डिव्हाइसेस’ विभागात ती कधी कधी स्वतःला बघता येते, नाही तर त्यांच्या आयटी विभागाला की आयडी कळवून मागावी लागते. नोकरी सोडली असेल तर उशीर करू नका. जुनी यंत्रं यादीतून काढून टाकण्याची पद्धत अनेक ठिकाणी असते.

मायक्रोसॉफ्ट खातं बंद करायला टाकलं असेल तर ते ३० किंवा ६० दिवसांच्या मुदतीत पुन्हा उघडता येतं. त्या मुदतीत असाल तर आजच उघडा. खात्याचा पासवर्ड विसरला असेल तर आधी तो परत मिळवण्याची सगळी खटपट करा. ड्राइव्हपेक्षा खातं परत मिळणं खूप सोपं असतं. यांशिवाय ‘बिटलॉकर रिकव्हरी की’ अशा नावाची टेक्स्ट फाइल जुन्या पेनड्राइव्हवर आहे का, वनड्राइव्हमध्ये आहे का, किंवा तिची छापील प्रत लॅपटॉपच्या बिलाबरोबर ठेवली आहे का, हेही पाहा.

किल्ली भरताना वरची आकड्यांची बटणं चालतात, आणि ती चालत नसतील तर एफ१ ते एफ९ म्हणजे १ ते ९ आणि एफ१० म्हणजे शून्य. किल्लीत सहा-सहा आकड्यांचे आठ गट असतात आणि प्रत्येक गटाला ११ नं निःशेष भाग जातो. हाताने लिहिलेल्या किल्लीत १ आहे की ७ असा घोळ असेल तर फोनच्या कॅल्क्युलेटरवर प्रत्येक गटाला ११ नं भागून बघा. ज्या गटात बाकी उरते, त्यात वाचण्याची किंवा लिहिण्याची चूक आहे.

आणि किल्ली कुठेच नसली तर? तर ड्राइव्ह उघडत नाही. हे कटू आहे पण खोटी आशा दाखवण्यात अर्थ नाही. त्या ४८ आकड्यांमागे १२८ बिटांची संख्या असते, शक्यता मोजायला गेलं तर ३९ आकडी संख्या होते. अंदाज करून ती सापडत नाही. मायक्रोसॉफ्टच्या मदत केंद्रालाही ती नव्यानं बनवून देता येत नाही. ‘बिटलॉकर तोडून देतो’ म्हणणाऱ्या सॉफ्टवेअरना आणि माणसांना पैसे देऊ नका. किल्ली नसताना त्यांच्याकडे दाखवण्यासारखं काहीही नसतं. त्याऐवजी त्याच मायक्रोसॉफ्ट खात्याचं वनड्राइव्ह ब्राउझरमध्ये उघडा. ज्या सेटअपमध्ये एनक्रिप्शन नकळत चालू झालं, त्याच सेटअपमध्ये डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स फोल्डरचा बॅकअपही नकळत चालू झालेला असण्याची बरीच शक्यता असते. ते पाहून मगच नव्यानं विंडोज टाकायचा निर्णय घ्या.

किल्ली भरली तरी पडदा दर वेळी परत येतो

किल्ली भरून विंडोज उघडणं म्हणजे एका वेळेपुरती परवानगी. टीपीएमकडची मोजमापं बऱ्याचदा जुनीच राहतात. मग दर वेळी तुलना फसते आणि दर वेळी किल्ली भरावी लागते. त्यामुळे आत शिरल्यावर पहिलं काम म्हणजे मोजमापं नव्यानं घ्यायला लावणं.

त्याआधी महत्त्वाच्या फायली बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्या. हे काम टाळू नका.

स्टार्टमध्ये पॉवरशेल (कमांड टाइप करायची विंडोजची खिडकी) शोधा, उजवं क्लिक करून ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’नं उघडा. ‘सस्पेंड-बिटलॉकर’ ही कमांड सी ड्राइव्हसाठी द्या आणि ‘रीबूटकाउंट’ शून्य ठेवा. शून्य म्हणजे आपण सांगेपर्यंत संरक्षण थांबलेलं राहील. लॅपटॉप एकदा रीस्टार्ट करा, किल्ली न मागता विंडोज उघडायला हवं. मग ‘रिझ्यूम-बिटलॉकर’ द्या. या वेळी आत्ताची स्थिती टीपीएमशी नव्यानं बांधली जाते. कमांड रोमन लिपीतच टाइप करायच्या, मधल्या रेघेसकट. प्रो आवृत्तीत कंट्रोल पॅनलच्या बिटलॉकर पानावर सस्पेंड आणि रिझ्यूमची बटणंच असतात. होममध्ये बटणं नसतात, पण पॉवरशेल चालतं. फर्मवेअर अपडेटनंतर सुरू झालेला त्रास पुष्कळदा एवढ्यानंच थांबतो.

सस्पेंड करून विसरू नका, हेही सांगायला हवं. त्या अवस्थेत किल्ली ड्राइव्हवर उघडी असते आणि लॅपटॉप कोणाच्या हाती लागला तर एनक्रिप्शनचा काहीच उपयोग नसतो.

एवढं करूनही पडदा परत आला, तर मोजमापं दर वेळी बदलतायत असं समजा आणि काय बदलतंय ते शोधा. स्टार्टमध्ये ‘सिस्टिम इन्फर्मेशन’ ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा. तिथे सिक्युअर बूटची स्थिती ‘ऑन’ हवी, आणि ‘पीसीआर७ कॉन्फिगरेशन’समोर ‘बाउंड’ हवं. तिथे ‘बाइंडिंग नॉट पॉसिबल’ असेल तर विंडोज फर्मवेअरचा कोड, जोडलेल्या कार्डांचा कोड आणि बूट मॅनेजर यांची जास्त बारीक मोजमापं धरून बसतं, आणि जरा काही बदललं की अडतं. कारण बहुधा सिक्युअर बूट बंद असणं किंवा त्याच्या किल्ल्या बदललेल्या असणं हे असतं. बायोसमध्ये सिक्युअर बूटच्या किल्ल्या मूळ स्थितीत आणून ते चालू करा. पण हे करण्याआधी रिकव्हरी की हाताशी आहे याची खात्री करा, कारण या बदलानंतर ती एकदा नक्की मागितली जाईल.

दुसरा संशयित म्हणजे कायम लावलेला डॉक किंवा यूएसबीचं काही उपकरण. ते लावलं असताना पडदा येतो आणि काढलं असताना येत नाही, असं दिसलं तर बायोसमध्ये बूटचा क्रम बदलून विंडोज बूट मॅनेजर सगळ्यात वर आणा आणि यूएसबीवरून, नेटवर्कवरून बूट होणं बंद करा. लिनक्स सोबत टाकलं असेल आणि विंडोज त्याच्या ग्रब नावाच्या बूट मेन्यूतून उघडत असाल, तर हाच त्रास होऊ शकतो. विंडोजसाठी बायोसच्या बूट मेन्यूतून थेट विंडोज बूट मॅनेजर निवडा.

जुन्या लॅपटॉपमध्ये बायोसच्या सेटिंगला वीज पुरवणारी बटणासारखी छोटी बॅटरी संपली तर सेटिंग पुन:पुन्हा मूळ स्थितीला जातात. पडद्याबरोबर तारीख-वेळही चुकलेली दिसत असेल तर आधी ती बॅटरी बदलून घ्या, बाकी काही करायची गरजही पडणार नाही कदाचित.

कधी कधी दोष विंडोजच्या अपडेटचाच असतो. जुलै २०२४ च्या मासिक सुरक्षा अपडेटनंतर कितीतरी यंत्रांवर हा पडदा आला होता, तो दोष ऑगस्ट २०२४ च्या अपडेटमध्ये दुरुस्त झाला. मे २०२५ मध्ये विंडोज १० च्या केबी५०५८३७९ या अपडेटनंतर इंटेलच्या ठरावीक यंत्रांवर तसंच झालं आणि मायक्रोसॉफ्टला वेगळं तातडीचं अपडेट काढावं लागलं. म्हणून किल्ली भरून आत शिरलात की विंडोज अपडेट आणि लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीचं फर्मवेअर, दोन्ही अद्ययावत करा, फक्त फर्मवेअर टाकताना संरक्षण सस्पेंड करून. विंडोज अपडेटमधून आलेलं फर्मवेअर हे काम सहसा स्वतः करतं. कंपनीच्या साइटवरून उतरवून हाताने टाकलेलं फर्मवेअर ते करेलच असं नाही. सिक्युअर बूटची २०११ ची प्रमाणपत्रं जून २०२६ पासून मुदतबाह्य होऊ लागतात आणि त्यांच्या जागी २०२३ ची नवी बसवावी लागतात. त्यामुळे या प्रकारचे बदल या काळात एरवीपेक्षा जास्त होतात, हे लक्षात असू द्या.

किल्ली बरोबर आहे, ती स्वीकारलीही जाते, पण विंडोज न उघडता पुन्हा पडद्यावरच येतं, अशी एक वेगळी अडचण आहे. तेव्हा एस्केप दाबून ‘स्किप धिस ड्राइव्ह’ निवडा, मग ट्रबलशूटमधून कमांड प्रॉम्प्टवर जा. तिथे ‘मॅनेज-बीडीई’ या कमांडनं ‘-अनलॉक’ देऊन ड्राइव्हचं अक्षर, ‘-आरपी’ आणि किल्ली लिहा. ड्राइव्ह उघडला की त्याच कमांडला ‘-प्रोटेक्टर्स -डिसेबल’ द्या आणि रीस्टार्ट करा. तिथे विंडोजच्या ड्राइव्हला सी हेच अक्षर असेल असं नाही, आधी ‘मॅनेज-बीडीई -स्टेटस’नं पाहून घ्या. लॅपटॉपचा बोर्डच गेला असेल तर ड्राइव्ह काढून दुसऱ्या विंडोज संगणकाला जोडा. तो किल्ली मागेल, भरली की फायली दिसतील. होम आवृत्तीवरही हे चालतं, आणि अलीकडच्या लिनक्सलाही किल्ली दिली तर असा ड्राइव्ह उघडता येतो.

डी ड्राइव्हची वेगळी किल्ली

ही बाब फार जणांना महागात पडते. डिव्हाइस एनक्रिप्शन विंडोजच्या ड्राइव्हबरोबर आतले बाकीचे पार्टिशनही कुलूपबंद करतं, आणि प्रत्येकाची रिकव्हरी की वेगळी असते. रोजच्या वापरात हे जाणवत नाही, कारण सी उघडला की डी आपोआप उघडतो. आपोआप उघडण्याची ती सोय सी मध्ये साठवलेली असते. मग कोणी तरी म्हणतं, ‘तुमचा डेटा डी मध्ये आहे ना, मग सी फॉरमॅट करून विंडोज नवीन टाकू’, आणि नव्या विंडोजमध्ये डी वर कुलूप दिसतं. सी ची किल्ली तिथे चालत नाही. त्यामुळे विंडोज नव्यानं टाकण्याआधी, फक्त सी वर टाकणार असाल तरीही, ‘मॅनेज-बीडीई -प्रोटेक्टर्स -गेट’ ही कमांड सी आणि डी दोन्हींसाठी चालवा. समोर येणारे ४८ आकडे आणि आयडी दोन्ही लिहून घ्या. आता डी आधीच अडकला असेल तर खात्याच्या यादीत ‘एफडीव्ही’ असलेल्या ओळी शोधा.

लॅपटॉप नीट चालतोय तोवर

पडदा अजून आलेला नसेल तर पाच मिनिटं काढून पाहा. विंडोज ११ मध्ये सेटिंग्जमध्ये ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’ आणि त्यात ‘डिव्हाइस एनक्रिप्शन’. विंडोज १० मध्ये ते ‘अपडेट अँड सिक्युरिटी’खाली असतं. पर्याय दिसतच नसेल तर ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘मॅनेज-बीडीई -स्टेटस’ द्या. ‘प्रोटेक्शन ऑन’ असेल तर किल्ली खात्यात खरोखर आहे का ते आत्ताच बघा, आयडी जुळवा आणि कागदावर लिहून कागदपत्रांच्या फाइलमध्ये ठेवा. फक्त त्याच लॅपटॉपवर ठेवलेली किल्ली ऐन वेळी कुलपाच्या आतच राहते.

चालू ठेवायचं की बंद करायचं? बाहेर नेला जाणारा लॅपटॉप असेल तर माझं मत ठामपणे चालू ठेवा असं आहे, किल्ली कागदावर आहे या अटीवर. त्यात बँकेची, ओळखपत्रांची, घरच्यांच्या फोटोंची माहिती असते आणि नुसता विंडोजचा पासवर्ड ड्राइव्ह बाहेर काढणाऱ्याला अडवत नाही. घरातून कधीच न हलणारा, सगळे मिळून वापरत असलेला आणि किल्ली सांभाळायची जबाबदारी कोणी घेणार नाही असा लॅपटॉप असेल, तर बंद करणं मला जास्त सुरक्षित वाटतं. तिथे चोरीपेक्षा स्वतःच बाहेर अडकण्याची भीती मोठी आहे. ‘डिव्हाइस एनक्रिप्शन’च्या त्याच पानावरचं बटण बंद केलं की ड्राइव्हवरचं एनक्रिप्शन काढलं जाऊ लागतं. चार्जर लावून ठेवा. काम करत राहता येतं, ड्राइव्ह मोठा असेल तर बराच वेळ लागतो. संपलं की ‘मॅनेज-बीडीई -स्टेटस’मध्ये ‘फुल्ली डीक्रिप्टेड’ दिसलं पाहिजे. ते दिसेपर्यंत झालं असं धरू नका.

नव्यानं विंडोज टाकताना एनक्रिप्शन आपोआप चालू होऊ द्यायचं नसेल, तर पेनड्राइव्ह बनवताना रूफस या साधनात ते बंद ठेवायचा पर्याय असतो. आणि लॅपटॉप दुरुस्तीला, विशेषतः बोर्ड बदलायला देत असाल तर देण्याआधी एनक्रिप्शन बंद करा, किंवा निदान किल्लीची प्रत स्वतःजवळ ठेवा. बोर्ड बदलला की टीपीएमही बदलतं, आणि परत आलेला लॅपटॉप पहिल्याच वेळी किल्ली मागेल.